फ्रेमवर्क १३ (रायझन ७ ७८४०यू): जोडणी, पोर्टांच्या जागा आणि नेहमीच्या चुका

मुळाकाठ

फ्रेमवर्क लॅपटॉप १३ ची डीआयवाय आवृत्ती (काही भाग स्वतः बसवायचे असलेली) जोडून वापरायला घेतली आहे. रायझन ७ ७८४०यू चा बोर्ड, २८८० × १९२० चा पडदा, ६१ वॉट-अवरची बॅटरी. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून फक्त हार्डवेअरपुरतं सविस्तर लिहितोय. किंमत आणि 'घ्यावा की नको' ही चर्चा वेगळ्या धाग्यावर करू.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. 'पडदा काळाच राहतो', 'ग्राफिक्स मंद आहे', 'एचडीएमआय चालत नाही', 'रात्रीतून बॅटरी उतरते' अशा तक्रारी या मशीनबद्दल वाचायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच वेळा भाग खराब नसतो, भागाची जागा चुकलेली असते. इथे जोडणी आपल्या हातात आहे, त्यामुळे ती नीट समजून घेणं हा मशीन घेण्याचाच भाग आहे.

डीआयवाय खोक्यात रॅम, एसएसडी, विंडोज आणि चार्जर हे तुम्ही निवडलं असेल तरच येतं. पोर्टांची कार्डंही वेगळी निवडायची. स्क्रू ड्रायव्हर मात्र खोक्यातच असतो. एका टोकाला टी५ टॉर्क्स आणि फिलिप्स अशी उलटसुलट बसणारी बिट, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचं चपटं उचकटणं. बाकी कुठलंच हत्यार लागत नाही.

उघडण्याची रीत अशी. मशीन बंद, चार्जर काढलेला. लॅपटॉप पालथा करून तळाचे पाच टी५ स्क्रू सैल करा. हे स्क्रू बाहेर येत नाहीत, तळातच अडकून राहतात. ते फिरत राहिले, हाताला अडेनासे झाले की झालं. 'निघत नाही' म्हणून जोर लावणं ही पहिली चूक. पाचांपैकी एक स्क्रू सैल होताना कीबोर्डची पाटी त्या कोपऱ्यात किंचित वर ढकलतो, तिथे नख घालायला फट मिळते. मग लॅपटॉप सुलटा करा, झाकण उघडा आणि पाटी त्या कोपऱ्यातून उचला. पाटी चुंबकांनी धरलेली असते, त्यामुळे हलक्या हातानं सुटते. दुसरी चूक इथेच होते: पाटी भसकन वर ओढली जाते. टचपॅडपासून बोर्डाकडे एक चपटी रिबन केबल गेलेली असते आणि तिच्या कनेक्टरला ओढायला छोटी काळी पट्टी असते. पाटी चार बोटं उचलून आधी ती पट्टी सरळ वर ओढून कनेक्टर सोडवा, मगच पाटी बाजूला ठेवा.

आत पाहिलं की जवळपास प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड छापलेला दिसतो. तो स्कॅन केला की त्या भागाची बदलण्याची रीत समोर येते. लॅपटॉपच्या पोटात इतकी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढच्या प्रतिसादात पोर्ट. रॅमबद्दल सोल्डरगन यांनी लिहावं अशी विनंती.

सोल्डरगन

लिहितो. बोर्डावर रॅमच्या दोन खाचा आहेत, दोन्ही डीडीआर५ एसओ-डिमच्या. घ्यायची ती डीडीआर५-५६००, १.१ व्होल्टची साधी पट्टी. बाजारात सीएल४६ लिहिलेली मिळते, ती चालते. 'एक्सएमपी ६४००' वगैरे लिहिलेली महाग पट्टी घेऊ नका. इथे ओव्हरक्लॉकची (प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगाची) प्रोफाइल लागू होत नाही. पट्टी तिच्या साध्या जेडेक (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) वेगावर उतरते, आणि काही पट्ट्यांचा तो वेग ४८०० असतो. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी वेग पदरात.

आता महत्त्वाचं. १६ जीबी हवी असेल तर १६ ची एक नको, ८ च्या दोन घ्या. ३२ साठी १६ च्या दोन. ५६०० च्या एका पट्टीतून सेकंदाला ४४.८ जीबी जातात, दोन पट्ट्यांतून ८९.६. प्रोसेसरला याचा फरक कमी पडतो, पण या चिपमधल्या रेडिऑन ७८०एम ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. त्याची १२ कंप्यूट युनिटं याच पट्ट्यांवर जगतात. एकाच पट्टीवर गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालवलं तर ग्राफिक्स अक्षरशः उपाशी राहतं. 'पुढे दुसरी टाकू' असा विचार असला तरी तोवरचे अनुभव मशीनच्या माथी मारू नका.

बसवताना: पट्टीची खाच आणि सॉकेटमधला दात जुळवा. साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवा आणि सोनेरी दाते जवळपास दिसेनासे होईपर्यंत दाबा. मग वरून खाली टेकवा, दोन्ही बाजूंच्या धातूच्या कड्या कट् आवाज करून बसल्या पाहिजेत. एक बाजू बसली आणि दुसरी अर्धवट राहिली, तर मशीन सुरू होतं पण अर्धीच रॅम दाखवतं, किंवा पडदाच येत नाही.

एसएसडी एम.२ २२८० एनव्हीएमई, एकच जागा. पीसीआयई ४ च्या चार लेन मिळतात. साटाची (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एम.२ चालणार नाही. तीही तिरकी सरकवायची, दाबून टी५ चा एकच स्क्रू. तो बेताचाच आवळा, बोर्डावरचा पितळी खुंट उखडण्याइतका नको.

अर्धविराम

उत्तम माहिती. दोन प्रश्न. रॅम बसवून पहिल्यांदा चालू केल्यावर दिवा लागतो पण पडदा काळा, असं होतं का? आणि विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशनमध्ये वायफाय दिसत नाही असं वाचलंय, ते कार्ड खराब असल्यामुळे का?

सोल्डरगन

पहिल्याचं उत्तर: होतं, आणि तसंच व्हायला हवं. नवी डीडीआर५ पट्टी दिसली की बायोस तिचं 'ट्रेनिंग' करतं, म्हणजे प्रत्येक तारेवर संदेश किती उशिरानं पोचतो ते मोजून वेळा ठरवतं. तोवर पडद्यावर काहीही येत नाही. काही मिनिटं लागू शकतात, आणि रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. मधेच पॉवरचं बटण दाबून धरलंत की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. चार्जर लावून ठेवा, बाजूला व्हा, दहा मिनिटं हात लावू नका. तरी पडदा आला नाही तर एकच पट्टी ठेवून पाहा, मग दुसरी. एकदा ट्रेनिंग झालं की माहिती साठवली जाते, पुढच्या वेळी इतकं थांबावं लागत नाही. बायोस अपडेट केलं किंवा पट्ट्यांच्या जागा बदलल्या तर मात्र पुन्हा तोच वेळ द्यावा लागतो.

मुळाकाठ

वायफायचं मी सांगतो. कार्ड चांगलंच असतं. या बोर्डासोबत एएमडीचं आरझेड६१६ येतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलेशन यूएसबीमध्ये नसतो. सेटअप इंटरनेट मागतं आणि तिथेच गाडी अडते. सोपा उपाय: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, सेटअप लगेच पुढे सरकतं. नंतर कंपनीच्या साइटवरून सगळ्या ड्रायव्हरांचा एकत्र गठ्ठा उतरवून टाका. सध्याच्या लिनक्स वितरणांत या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

रॅम तपासायची असेल तर विंडोज टाकण्याआधीच तपासा. मेमटेस्ट८६+ ची सहाव्या आवृत्तीपासून पुढची कुठलीही यूएसबीवर घाला आणि निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. त्यासाठी सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करावं लागतं. विंडोज टाकून बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) चालू झाल्यावर सिक्युअर बूटला हात लावला, तर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागितली जाते आणि ती हाताशी नसली तर घाम फुटतो. म्हणून क्रम असा ठेवा: जोडणी, ट्रेनिंग, मेमटेस्ट, सिक्युअर बूट पुन्हा चालू, मग विंडोज.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग ५६०० आणि 'दोनपैकी दोन खाचा' दिसायला हव्यात. सीपीयू-झेडमध्ये दोन पट्ट्यांवर 'चार गुणिले ३२ बिट' असं दिसतं. डीडीआर५ ची प्रत्येक पट्टी आतून ३२ बिटांच्या दोन वाहिन्यांत विभागलेली असते, म्हणून आकडा चार. तिथे दोन दिसले तर एक पट्टी नीट बसलेली नाही.

मुळाकाठ

आता पोर्ट. एक हेडफोनचा जॅक सोडला तर मशीनला स्वतःची पोर्टं नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार चौकोनी जागा, प्रत्येकीच्या तळाशी एक यूएसबी-सी. त्यात हवं ते कार्ड सरकवायचं: यूएसबी-सी, यूएसबी-ए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, मायक्रोएसडी, २.५ गिगाबिट इथरनेट, साठवणीचं कार्ड. काढताना खालच्या बाजूचा खटका दाबून ओढायचं. नवं असताना कार्ड घट्ट बसतं, पण तिरकं ओढू नका, सरळ रेषेत ओढा.

चारही जागा दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या नाहीत, आणि हे बोर्डागणिक बदलतं. ७०४० मालिकेच्या (७८४०यू त्यातलाच) या बोर्डावर:

बिजागरीजवळच्या दोन्ही, म्हणजे डावी मागची आणि उजवी मागची, यूएसबी४ आहेत. ४० गिगाबिट, मॉनिटर, डॉक, बाहेरचं ग्राफिक्स कार्ड हे सगळं इथे.

उजवी पुढची यूएसबी ३.२ आहे, पण मॉनिटर चालतो.

डावी पुढचीही यूएसबी ३.२, पण तिथून चित्र येतच नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचं कार्ड तिथे लावलं तर मॉनिटर काळा. कार्ड परत पाठवण्याआधी जागा बदलून बघा.

चार्जिंग चारही जागी होतं. केबल डावीकडून की उजवीकडून हे टेबलावरच्या सोयीनं ठरवता येतं, ही बारीक गोष्ट रोजच्या वापरात फार सुखाची आहे.

माझी मांडणी: मागे दोन्हीकडे यूएसबी-सी, उजवीकडे पुढे एचडीएमआय, डावीकडे पुढे यूएसबी-ए. यूएसबी-ए कार्ड मागच्या जागी लावू नका. तिथे ते जास्त वीज खातं, कंपनीच्या मार्गदर्शिकेतही तसं लिहिलंय.

वीजमापक

शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत हवं होतं. 'बॅटरी टिकत नाही' म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठलं कार्ड कुठे आहे. एचडीएमआय कार्डाच्या आत डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी चिप असते. साठवणीच्या कार्डात अख्खी ड्राइव्ह. काही जोडलेलं नसलं तरी ही कार्डं मशीनला गाढ झोपू देत नाहीत. प्रवासात निघताना ती काढून तिथे यूएसबी-सी कार्ड घाला, ते म्हणजे नुसती सरळ जोडणी आहे.

बॅटरीचं गणित तोंडी करता येतं. ६१ वॉट-अवर भागिले खर्च. पूर्ण मशीन ६ वॉट ओढत असेल (मंद उजेडात लिहिणं-वाचणं) तर दहा तास, १० वॉटला सहा, कंपाइल किंवा गेममध्ये ३० वॉटला दोन. लिनक्सवर पॉवरटॉप चालवा, तो ओढ वॉटमध्ये दाखवतो. काहीही न करता मशीन १० वॉट खात असेल तर कुठेतरी काहीतरी जागं आहे. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी आज्ञेचा बॅटरीरिपोर्ट काढा, त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता मिलिवॉट-अवरमध्ये शेजारी-शेजारी मिळते. मशीन नवं असतानाच तो काढून जपून ठेवा. वर्षानं तुलना करायला तोच लागतो.

झोपेबद्दल: जुन्या लॅपटॉपांतली एस३ झोप (फक्त रॅम जागी ठेवणारी) इथे नाही, मॉडर्न स्टँडबाय आहे. रॅमसोबत चिपचा काही भागही हलका जागा राहतो. रात्रभर झाकण मिटून ठेवायचं तर हायबरनेट (रॅममधलं सगळं एसएसडीवर ठेवून मशीन बंद) लावा.

सतत चार्जरवर असेल तर बायोसमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के करा. लिथियम बॅटरी पूर्ण भरून आणि गरम ठेवली की लवकर म्हातारी होते.

चार्जर: २० व्होल्टला ३ अँपिअर देणारा, म्हणजे ६० वॉटचा कुठलाही चांगला यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो. फोनचा १८ वॉटवाला ९ व्होल्टलाच थांबतो, काम करता करता त्यावर टक्के खालीच जातात. आणि केबल बघा. ३ अँपिअरपर्यंत साधी सी-टू-सी पुरते, त्यापुढे ई-मार्कर चिप असलेली ५ अँपिअरची हवी. १०० वॉटचा चार्जर आणि साधी केबल जोडली की मिळतात ६० च.

तिसरी_घंटा

कॅमेरा 'सापडत नाही' असं दिसतंय. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

मुळाकाठ

पडद्याच्या वरच्या पट्टीत कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना दोन छोट्या सरकत्या कळा आहेत, एक कॅमेऱ्याची, एक माइकची. लाल दिसत असेल तर बंद. ही कळ सॉफ्टवेअरची नाही, विद्युत जोडणीच तोडते. त्यामुळे विंडोजला कॅमेरा आहे हेच कळत नाही. सरकवून बघा.

तिसरी_घंटा

तेच होतं. आभार.

जोडाक्षर

पडद्यावर मराठी वाचणाऱ्यांच्या नजरेतून लिहितो, कारण इंग्रजी परीक्षणांत हे येत नाही.

१३.५ इंची ३:२ पडदा म्हणजे साधारण २८५ मिमी रुंद आणि १९० मिमी उंच. नेहमीचा १४ इंची १६:९ पडदा ३१० × १७४ भरतो. म्हणजे लहान लॅपटॉप असूनही उंची १६ मिमी जास्त. देवनागरीला वेलांट्या आणि उकारांमुळे ओळींत जास्त अंतर लागतं, त्यामुळे ही उंची इंग्रजीपेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडते.

दुसरं, घनता. या पडद्यावर इंचाला सुमारे २५६ ठिपके आहेत, याच लॅपटॉपच्या आधीच्या २२५६ × १५०४ पडद्यावर सुमारे २०१. बारीक टायपात 'द्ध' आणि 'द्व', 'ट्ट' आणि 'ट्ठ', अनुस्वार आणि अर्धचंद्र हे भेद इथे डोळे न ताणता कळतात. मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्यांनी हाच पडदा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक कारण स्केलिंगचं. जुन्या पडद्याला १५० टक्के लावावं लागतं, आणि लिनक्सवरच्या काही प्रोग्रामांत अपूर्णांकी स्केलिंगनं अक्षर पुसट होतं. नव्याला सरळ २०० टक्के लावा, एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, अक्षर रेखीव राहतं. जागा कमी वाटली तर १७५.

पडद्याचे कोपरे गोलसर आहेत, चौकट मात्र चौकोनी. हा दोष नाही, हे पॅनेल तसंच आहे. १२० हर्ट्झ आहे, बॅटरीवर असताना ६० करून ठेवा.

कीबोर्ड मागवताना काळजी घ्या. मराठी छापलेला मिळत नाही, इन्स्क्रिप्टला (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीला) त्यानं काही अडत नाही. पण युरोपातून जर्मन किंवा ब्रिटिश मांडणीचा घेतलात तर एंटर उभा असतो आणि अमेरिकी मांडणीतली उलट्या तिरक्या रेघेची कळ त्या जागी नसते. इन्स्क्रिप्टमध्ये 'ॉ' त्याच कळीवर आहे. घाबरू नका, एंटरच्या डावीकडची कळ (जर्मनवर तिथे # छापलेलं असतं) तोच संकेत पाठवते. 'डॉक्टर' तिथून लिहिता येतो. कळ १.५ मिमी खाली जाते. पातळ लॅपटॉपांच्या मानानं हे चांगलंच, दिवसभर टायपिंग करणाऱ्याची बोटं दुखत नाहीत.

वऱ्हाडवारा

विदर्भातल्या उन्हाळ्यात चालेल का? मे महिन्यात खोलीतच ४० च्या आसपास असतं.

सोल्डरगन

चालेल, पण वेग कमी होईल, आणि तो कुठल्याही पातळ लॅपटॉपचा होईल. ७८४०यू १५ ते ३० वॉटमध्ये चालवायची चिप आहे. एकच पंखा, हवा तळातून आत, बिजागरीच्या बाजूनं बाहेर. खोलीचं तापमान २५ वरून ४० झालं की चिपची तापमानमर्यादा तिथेच राहते, उष्णता काढून न्यायला असलेला फरक मात्र १५ अंशांनी कमी होतो. मग चिप स्वतःच वॉट उतरवते. गादी आणि उशी टाळा, तळाची जाळी झाकली जाते. मागची बाजू बोटभर उचलेल असा स्टँड पुरेसा फरक पाडतो.

धूळ वर्षातून एकदा तरी काढा. पाटी उघडून पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, मगच हवेचा झोत मारा. पंखा मोकळा सोडून जोरात हवा मारली तर तो नको तितका गरगरतो आणि बेअरिंग जातं. झोत पंख्याकडून बाहेर नाही, तर बिजागरीकडच्या जाळीकडून आत मारा. धुळीचा नमदा जाळी आणि पंखा यांच्या मध्ये साचतो, तो उलट दिशेनं सुटतो.

अर्धविराम

वायफायचं कार्ड बदलायचं असेल तर?

सोल्डरगन

एम.२ २२३० आहे, बदलता येतं. इंटेलचं एएक्स२१० या बोर्डावर चालतं. एएक्स२११ घेऊ नका, ते इंटेलच्या प्रोसेसरसोबतच चालणाऱ्या जोडणीचं आहे. अँटेनाच्या टाचणीएवढ्या टोप्या काढताना तार ओढू नका, टोपीखाली नख किंवा चपटं प्लॅस्टिक घालून सरळ वर उचला. लावताना टोपी बरोबर खुंटीवर आहे हे बघून बोटानं दाबा, टक् जाणवतं. तिरकी दाबली की आतली कडी चेपते आणि सिग्नल अर्धा होतो.

लॅमिंग्टनकर

भारतातल्या वाचकांसाठी. कंपनी भारतात थेट विकत नाही, त्यामुळे मशीन बाहेरून येणाऱ्या माणसाकडूनच येतं. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. ६१ वॉट-अवर विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसतं. मशीन हातातल्या सामानात ठेवायला सांगा.

रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, पीडी चार्जर हे सगळं प्रमाणित मापाचं आहे, ते इथेच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या कॉम्प्युटर बाजारात मिळतं, वॉरंटीही इथली मिळते. बिल घेताना पट्टीवरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या.

इथे मिळत नाही ते फक्त यांच्याच मापाचं: पोर्टांची कार्डं, कीबोर्डची पाटी, बॅटरी, बिजागऱ्या. येणाऱ्या माणसाकडून मशीनसोबतच एक यूएसबी-सी आणि एक यूएसबी-ए कार्ड जादा मागवा, नगण्य वजन आहे. सुटी बॅटरी नंतर कुरिअरनं मागवणं त्रासाचं असतं, लिथियम बॅटरीच्या विमान वाहतुकीचे नियम कडक आहेत. कीबोर्ड बिघडला तर नुसत्या कळांचा भाग स्वस्त पडतो, पण त्यासाठी पाटीच्या मागचे ढीगभर बारीक स्क्रू काढावे लागतात. पूर्ण पाटी मागवलीत तर तेच काम पाच स्क्रू आणि एका रिबनवर होतं. चहा सांडण्याची शक्यता असलेल्या घरात पूर्ण पाटीच मागवा.